रिपोर्ट चांगला, पण पेशी दमलेल्या

तरुण माणसाला नागीण निघाली, की नाशिकच्या आसपासच्या गावांत आजही आधी ती उतरवणाऱ्याचा पत्ता शोधला जातो. तोंड आणि शेपटी जुळली की माणूस दगावतो म्हणे! जुळत काहीच नाही. लहानपणीच्या कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी दडून बसलेला असतो. प्रतिकारशक्ती ढिली पडली की तो वर येतो. म्हणूनच ऐन तिशीत नागीण दिसली, तर जाणता डॉक्टर एचआयव्हीची तपासणी सुचवतो.

एचआयव्ही प्रतिकारशक्तीच्या सीडी४ पेशी मारतो, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. सिव्हिलच्या एआरटी सेंटरमधून गोळ्या नेणारेही सीडी४ आणि व्हायरल लोड, हे दोनच आकडे विचारतात. शरीरात मुक्कामाला आलेल्या इतर विषाणूंचं कुणी विचारत नाही. त्यांच्याशी वर्षानुवर्षं झुंजणाऱ्या सीडी८ पेशींवर पीडी-१ नावाचा रेणू वाढतो आणि तो त्यांना ब्रेक लावतो. २००६ मध्ये अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठात रफी अहमद यांच्या गटाने हे उंदरांत दाखवलं. त्याच वर्षी एचआयव्हीबाधितांच्या पेशींतही तेच आढळलं. पेशी मोजणीत भरतात, कामाला मात्र येत नाहीत. सायटोमेगॅलो विषाणू तर आपल्यातल्या बहुतेकांच्या अंगात असतो. त्याच्यावर नजर ठेवण्यातच या पेशींचा मोठा हिस्सा अडकून पडतो.

माझ्या मते जास्त धास्ती बाळगावी ती कावीळ बीची. निरोगी प्रौढांपैकी सुमारे ९५ टक्के लोकांचं शरीर तिला स्वतःच निपटून काढतं. एचआयव्ही असेल तर ही ताकद घटते आणि विषाणू यकृतात ठाण मांडतो. लसही कमी लागू पडते, म्हणून अनेकदा दुप्पट मात्रा द्यावी लागते. एचआयव्हीसाठी दिल्या जाणाऱ्या टीएलडी गोळीतली टेनोफोविर आणि लॅमिव्हुडिन ही औषधं मात्र दोन्ही विषाणूंवर चालतात. गोम इथेच आहे. द्राक्षाच्या छाटणीत खाडा नको म्हणून कुणी सेंटरला गेलंच नाही आणि गोळी सुटली, तर दबलेली कावीळ उसळते. कधी यकृत निकामी होण्यापर्यंत मजल जाते. मूत्रपिंडाच्या तक्रारीमुळे टेनोफोविर बदलायची वेळ आली, तरी एचबीएसएजीचा, म्हणजे कावीळ बीच्या तपासणीचा, रिपोर्ट आधी डॉक्टरांपुढे ठेवावा.

कावीळ सी त्या मानाने सोपी. २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात तिचे उपचार मोफत मिळतात आणि बहुतेकांचे १२ आठवड्यांत आटोपतात. बायकांच्या वाट्याला आणखी एक विषाणू येतो, एचपीव्ही. एचआयव्ही असलेल्या स्त्रियांना त्यातून होणाऱ्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा धोका सुमारे सहापट असतो. इतर स्त्रियांची तपासणी तिशीपासून होते. यांची २५ व्या वर्षापासून करावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.