विलायत की जर्मनी?

परदेशी उच्च शिक्षण म्हणजे विलायत, हे समीकरण मराठी मध्यमवर्गाच्या मनात शतकाहून अधिक काळ रुजलेले आहे. धनंजयराव गाडगीळ केंब्रिजला गेले, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२३ मध्ये लंडनची डी.एस्सी. मिळविली. त्याच बाबासाहेबांनी बॉन विद्यापीठातही नाव नोंदविले होते आणि इरावतीबाई कर्वे यांनी डॉक्टरेट बर्लिनहून आणली, याचा मात्र सहसा विसर पडतो. आज आपला पदवीधर पुन्हा जर्मनीकडे वळू लागला आहे. पण त्यात विद्येची ओढ किती आणि ‘फुकट शिक्षण’ या शब्दांची मोहिनी किती, हे तपासावयास हवे.

ब्रिटनने १९८० पासून परदेशी विद्यार्थ्यांकडून पूर्ण खर्च वसूल करण्याचे धोरण स्वीकारले. आज तेथील अनेक विद्यापीठांत पदव्युत्तर वर्षाचे शुल्क २० हजार पौंडांहून अधिक आहे. राहण्याजेवण्याचा खर्च वेगळाच. जर्मनीतील बहुतेक सरकारी विद्यापीठे शिक्षणशुल्क घेत नाहीत हे खरे. तथापि बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्य २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांकडून सहामाहीस १,५०० युरो घेते आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही २०२४ पासून असे शुल्क लागू केले. शिवाय व्हिसासाठी वर्षाच्या निर्वाहाचे ११,९०४ युरो एका गोठविलेल्या खात्यात आधीच भरावे लागतात. युरो शंभर रुपयांचा धरला तरी ही रक्कम बारा लाखांच्या घरात जाते. ती शुल्क नव्हे, दरमहा ९९२ युरोप्रमाणे विद्यार्थ्याच्याच हाती परत येते. परंतु आधी उभी करावयाची असते ती पगारदार पित्याला, भविष्यनिर्वाह निधीतून वा घर गहाण टाकून.

अर्थशास्त्र ज्याला संधी-खर्च म्हणते तो या हिशेबात क्वचितच धरला जातो. ब्रिटिश अभ्यासक्रम साधारणतः वर्षाचा, जर्मन दोन वर्षांचा आणि प्रत्यक्षात पुष्कळदा त्याहून लांबणारा. म्हणजे एका वर्षाची मिळकत बुडाली. पण ब्रिटनमधील वर्ष इतक्या घाईने सरते की नोकरीचा शोध नीट सुरू होण्यापूर्वीच प्रबंध सादर करण्याची वेळ येते. शिक्षणोत्तर वास्तव्याची सवलत तेथे २०१२ मध्ये बंद झाली, २०२१ मध्ये पुन्हा सुरू झाली. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या पदव्युत्तरांना ती दोन वर्षांऐवजी १८ महिन्यांचीच मिळावयाची आहे. जर्मनीही नोकरी शोधण्यास १८ महिने देते. मात्र वर्गात इंग्रजी चालली तरी कचेरीत, कारखान्यात जर्मनच लागते, आणि ती दोन महिन्यांच्या शिकवणीने येत नाही.

विषयाचा प्रश्नही आहेच. जर्मन विद्यापीठे पदवीचा विषय पुढील अभ्यासक्रमाशी कितपत जुळतो हे काटेकोरपणे पाहतात. वाणिज्य पदवीधराने एकाएकी अर्थशास्त्राकडे वळणे तेथे कठीण, ब्रिटनमध्ये तुलनेने सुकर. अभियांत्रिकी वा विज्ञानाचा विद्यार्थी भाषा शिकण्यास खरोखर तयार असेल, तर त्याने जर्मनीच निवडावी. इतरांनी ब्रिटनला जावे ते शिष्यवृत्ती मिळाली तरच. निव्वळ कर्जावर नव्हे.

शहराशहरांत निघालेल्या सल्लागार कचेऱ्यांकडून हे उत्तर मिळण्याची शक्यता कमी. अनेक ब्रिटिश विद्यापीठे प्रत्येक प्रवेशामागे मध्यस्थास दलाली देतात. जर्मनीच्या सरकारी विद्यापीठांकडून ती सहसा मिळत नाही. ‘मोफत’ सल्ल्याचा कल कोणीकडे झुकतो, हे पालकांनी कर्जाच्या कागदावर सही करण्यापूर्वी विचारून घ्यावे.