झोपूनही थकवा का जात नाही?

स्तनाच्या कर्करोगाचे उपचार संपले, रिपोर्ट चांगले आले. तरी सकाळी डोकं जड, दिवसभर पेंग. ‘किमोचा थकवा, जाईल हळूहळू,’ असं घरचे म्हणतात. बऱ्याचदा ते खरंच असतं. पण कधी कधी खरा चोर घशात असतो.

झोपेत घशाचे स्नायू सैलावतात. कागदी स्ट्रॉने घट्ट लस्सी जोरात ओढली की स्ट्रॉ चपटी होते, तसा काहींचा घसा श्वास घेताना मिटतो. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू दचकून क्षणभर जागा होतो आणि वाट मोकळी करतो. सकाळी यातलं काही आठवत नाही. किमान 10 सेकंदांचे असे अडथळे तासाला 5 किंवा जास्त आले, तर तो स्लीप अ‍ॅप्निया.

प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक श्वासाला चालना देतं. पाळी गेली की ते घटतं. किमोमुळे किंवा अंडाशयांचं काम थांबवणाऱ्या औषधांमुळे पाळी अकाली गेली, तर हे संरक्षणही लवकर जातं. त्यात वजन वाढलं की मानेभोवतीची चरबी वाट आणखी अरुंद करते.

बायकांमध्ये गडगडाटी घोरणं असेलच असं नाही. तुटक झोप, सकाळची डोकेदुखी, उदासपणा एवढंच दिसतं आणि निदान हुकतं. शंका आली तर झोपेची तपासणी करतात: रात्रभर बोटाला, छातीला सेन्सर लावून. उपाय आहे सीपॅप यंत्राचा. त्याच्या मास्कमधून येणारी दाबाची हवा घसा उघडा ठेवते.

शस्त्रक्रिया ठरली असेल तर भूलतज्ज्ञांना स्लीप अ‍ॅप्नियाबद्दल आधीच सांगा. भुलीनेही घसा सैलावतो.