से कॅथेड्रल नक्की कधी बांधलं? एका सालामागची चार उत्तरं

लिटरेचर रिव्ह्यू करताना एकाच गोष्टीची दोन-तीन सालं सापडली की आपण गोंधळतो. आज ते जुन्या गोव्यातल्या से कॅथेड्रलवरून समजून घेऊ.

अफोंसो द अल्बुकर्कने गोवा जिंकलं २५ नोव्हेंबर १५१० रोजी. तो संत कॅथरीनचा सण, म्हणून हे कॅथेड्रल तिच्या नावाचं. आता सालं बघा. काम सुरू झालं १५६२ मध्ये. मुख्य इमारत उभी राहिली १६१९ मध्ये. विधिवत समर्पण झालं १६४० मध्ये आणि वेद्या पूर्ण झाल्या १६५२ मध्ये. म्हणजे तब्बल ९० वर्षं!

मग खरं साल कोणतं? चारही खरीच आहेत, प्रश्न वेगवेगळे आहेत. भिंतींचा अभ्यास असेल तर १६१९ उपयोगी, वेदीवरच्या कोरीवकामाचा असेल तर १६५२. म्हणून नोंद करताना नुसतं साल लिहू नका, त्या साली काय झालं तेही लिहा.

दुसरा मुद्दा, 'आज दिसतं ते मूळचंच' हे गृहीतक. समोरून कॅथेड्रलला एकच मनोरा दिसतो. पण मूळ रचनेत दोन होते. त्यातला एक १७७६ मध्ये कोसळला आणि पुन्हा बांधलाच नाही. आजच्या फोटोवरून कुणी 'असममित शैली' असा निष्कर्ष काढला तर तो पूर्ण चुकेल.

याच गृहीतकाची किंमत रस्त्यापलीकडे दिसते. दोन्ही चर्चचा मुख्य दगड जांभा, म्हणजे लोहयुक्त आणि सच्छिद्र. तो पाणी शोषतो, म्हणून कोकणातल्या पावसात त्यावर चुन्याचा गिलावा लागतो. कॅथेड्रलचा पांढरा रंग त्या गिलाव्याचाच. बॉम जेझू बॅसिलिकेचा बाहेरचा गिलावा मात्र १९५० च्या दशकात काढला. लाल दगड पर्यटकांना 'अस्सल' वाटतो खरा, पण तेव्हापासून तो पावसात झिजतोय. आता गिलावा परत करावा की नाही, यावर वाद चालू आहे.

तेव्हा तुमचा नमुना इमारत असो, खडक असो की हस्तलिखित, आधी तीन गोष्टी विचारा: यात काय नंतर आलं, काय गेलं आणि ते कधी? उत्तरांचा छोटा तक्ता करा आणि मगच गृहीतक मांडा. व्हायव्हामध्ये पहिला प्रश्न बहुतेक इथूनच येतो!