सचित्र ग्रंथाची पारख : 'ॲलिस'च्या निमित्ताने

काही वर्षांपूर्वी आमच्या ग्रंथालयास एका दिवंगत शिक्षिकाबाईंच्या स्मरणार्थ अल्पशी देणगी मिळाली. बाई वर्गात लुइस कॅरल ह्यांची 'ॲलिस' सांगत आणि तिच्यातील चित्रे खडूने फळ्यावर काढून दाखवीत. तेव्हा त्याच अद्‌भुत कादंबरीची एखादी संग्राह्य सचित्र प्रत घ्यावी आणि ती मुलांना हाताळता यावी, एवढीच देणगीदारांची इच्छा होती. आम्ही आर्थर रॅकहॅम ह्यांच्या चित्रांची जुनी प्रत एका विक्रेत्याकडून मोठ्या उत्साहाने आणविली. पुढे एका विद्यार्थिनीने आरंभीची चित्रसूची समोर ठेवून पाने मोजली, तो तेरा रंगीत चित्रांपैकी अकराच भरली! उरलेली दोन पूर्वीच कोणीतरी, बहुधा चौकटीत बसविण्यासाठी, काढून घेतली होती. खरेदीपूर्वी आम्ही करावयाचे काम एका मुलीने केले. ह्या फजितीतून आम्ही जे शिकलो, ते इतर ग्रंथालयांच्या व शिक्षकबंधुभगिनींच्या उपयोगी पडावे म्हणून येथे मांडीत आहो.

पहिला प्रश्न चित्रकाराचा. कॅरल ह्यांनी ही कथा प्रथम स्वहस्ते लिहून, स्वतःच ३७ चित्रे काढून, १८६४ च्या नोव्हेंबरात ॲलिस लिडेल ह्या मुलीला भेट दिली. ग्रंथरूपाने ती १८६५ साली मॅकमिलन ह्या प्रकाशनसंस्थेने काढली, तेव्हा जॉन टेनिएल ह्यांनी ४२ चित्रे काढली आणि डॅल्झिएल बंधूंनी ती लाकडी ठोकळ्यांवर कोरली. लेखक शेजारी असताना, त्याच्याशी चर्चा होत असताना सिद्ध झालेली चित्रे हीच. इंग्लंडातील स्वामित्वहक्क १९०७ साली संपताच दुसऱ्या चित्रकारांना वाट मोकळी झाली. रॅकहॅम ह्यांची आवृत्ती त्याच वर्षीची. पुढे १९४६ साली मर्व्हिन पीक, १९६६ साली टोव्हे यान्सन आणि १९६९ साली साल्वादोर दाली ह्यांनी आपापली ॲलिस रेखाटली. टेनिएलची रेषा रेखीव, घट्ट आणि किंचित उपरोधिक. रॅकहॅमचे रंग धूसर, झाडांची मुळे वळवळणारी. दाली ह्यांची चित्रे तर कथेवरील स्वैर भाष्यच होत. ह्यांत श्रेष्ठ कोण, हा वाद आम्ही घालीत नाही. परंतु आपणांस कथेची चित्रे हवीत की चित्रकाराचा ग्रंथ हवा, हे प्रथम ठरवावे. किमतीचा विचार त्यानंतर.

दुसरा प्रश्न आवृत्तीचा. १८६५ साली छापलेल्या पहिल्या २००० प्रतींतील चित्रांची छपाई टेनिएल ह्यांना पसंत पडली नाही, म्हणून कॅरल ह्यांनी त्या मागे घेतल्या. आज त्यांतील दोन डझनांहून कमी प्रती ठाऊक आहेत. कोणी माफक दरात 'पहिली आवृत्ती' देऊ करील, तर सावध व्हावे. नव्याने छापलेला ग्रंथ १८६५ च्या नोव्हेंबरातच विक्रीस आला, पण त्याच्या शीर्षकपृष्ठावर १८६६ हे साल आहे. सालावरून झटपट निष्कर्ष काढू नये तो ह्यामुळे. मॅकमिलनच्या पुढील कित्येक मुद्रणांत प्रत कितव्या हजारातील आहे हे शीर्षकपृष्ठावरच छापलेले आढळते. ती ओळ वाचण्याची सवय ठेवावी.

तिसरा प्रश्न चित्राच्या जागेचा, आणि आमच्या मते हाच सर्वांत महत्त्वाचा. 'आरशापलीकडे' ह्या उत्तरकथेत (ती १८७१ च्या डिसेंबरात निघाली, साल १८७२ छापले) टेनिएलची ५० चित्रे आहेत. त्यांत ॲलिस आरशात शिरते ते चित्र पानाच्या एका अंगास आहे आणि पलीकडून बाहेर येते ते त्याच पानाच्या पाठीवर. म्हणजे पान उलटणे हेच आरसा ओलांडणे! पुष्कळ पुनर्मुद्रणांत ही दोन चित्रे समोरासमोर येतात किंवा चार पाने दूर पडतात. चित्रे सगळी असतात, युक्ती तेवढी हरवते. प्रत हाती येताच हे एक पान उलटून पाहावे. छापणाऱ्याने ग्रंथ वाचला होता की नाही, ते तेथे कळते.

चौथा प्रश्न छपाईचा. कॅरल ह्या बाबतीत किती कठोर होते पाहा : १८९३ साली उत्तरकथेच्या साठाव्या हजारातील चित्रे नीट उठली नाहीत, म्हणून त्यांनी ते संपूर्ण मुद्रण नाकारले. मूळ लाकडी ठोकळे झिजू नयेत म्हणून छपाई त्यांवरून घेतलेल्या धातूच्या ठशांवरून होत असे. ते ठोकळे १९८५ साली लंडनमधील एका बँकेच्या तळघरात सापडले आणि १९८८ साली त्यांवरून चित्रांचे मर्यादित मुद्रण झाले. असे संच आपल्या आटोक्यातले नव्हेत. पण आजच्या साध्या प्रतीतही केसासारख्या रेषा सुट्या दिसतात की काळ्या डागात बुडतात, हे भिंग घेऊन पाहता येते.

शेवटी देहाची तपासणी. चित्रसूची व चित्रे ताडून पाहावीत, शिवण सैल आहे का ते बघावे. रंगीत चित्रांचा गुळगुळीत कागद दमट हवेत एकमेकांस चिकटतो. गोवा-कोकणासारख्या प्रदेशात अशी प्रत बंद कपाटात विसरून ठेवणे म्हणजे तिचा नाशच. महिन्या-दोन महिन्यांनी तिची पाने उलटली गेली पाहिजेत.

आम्ही ती अपुरी प्रत परत केली नाही. उरलेल्या रकमेतून टेनिएलची चित्रे आपापल्या जागी असलेली एक नवी, भक्कम बांधणीची प्रत घेतली आणि दोन्ही एकाच मेजावर ठेवल्या. संग्राहकाच्या दृष्टीने पहिलीची किंमत घटली आहे, दुसरीला ती अजून यावयाची आहे. परंतु मुले दोन्ही उघडतात, तीच मुलगी दोन ॲलिस ताडून पाहते आणि फळ्यावर तिसरी काढते. देणगीदारांची इच्छा ह्याहून वेगळी नव्हती, असे आम्ही समजतो.