विनोदाकडून गांभीर्याकडे : विज्ञानमालिकेतील सूरपालट

१. प्रास्ताविक

विनोदी साहित्य आणि गंभीर साहित्य असे दोन कप्पे आपण अभ्यासाच्या सोयीसाठी करतो. प्रत्यक्ष कलाकृती मात्र ही सीमा नेहमी पाळतेच असे नाही. कधी कधी एखादी दीर्घ कलाकृती हसवत सुरू होते आणि हळूहळू गंभीर होत जाते. हा बदल कसा घडतो आणि तो केव्हा सार्थ ठरतो, हे या घटकात आपण एका विज्ञानमालिकेच्या आधारे पाहणार आहोत.

आरंभी एक प्रसंग कल्पून पाहा. मुळशी तालुक्यातील माण आणि शेजारचे हिंजवडी या गावांच्या शिवारात राजीव गांधी माहिती-तंत्रज्ञान उद्यान उभे आहे. समजा, तेथील एका इमारतीच्या स्वयंचलित दारापाशी एक वृद्ध शेतकरी येतो. दार ओळखपत्राशिवाय उघडत नाही, हे त्यास ठाऊक नाही. तो दाराला हाक मारतो, हात जोडतो, काचेवर टकटक करतो. आपल्याला हसू येते. आता लेखकाने पुढे एवढेच सांगितले की, ज्या जमिनीवर ते दार उभे आहे ती पूर्वी याच शेतकऱ्याची होती. हसू तत्क्षणी थांबते. प्रसंगातील एकही कृती बदललेली नाही. बदलले ते आपले ज्ञान. सूरपालटाचे मूळ तत्त्व हेच आहे.

२. ‘द ऑर्व्हिल’ : एक उदाहरण

‘द ऑर्व्हिल’ ही अमेरिकी दूरचित्रवाणी मालिका २०१७ मध्ये सुरू झाली. तिचा निर्माता सेथ मॅकफार्लन हा ‘फॅमिली गाय’ या विनोदी व्यंगचित्रमालिकेमुळे प्रसिद्ध होता. त्यामुळे ही अंतराळप्रवासाच्या मालिकांची थट्टा असणार, अशी प्रेक्षकांची अपेक्षा होती आणि आरंभीच्या भागांनी ती पुष्कळशी पूर्णही केली. २०२२ मधील तिसऱ्या पर्वापर्यंत मात्र मालिका बहुतांशी गंभीर नाट्याकडे वळली होती. हे पर्व ‘हुलू’ या माध्यमावर प्रदर्शित झाले. तेथे भागाची लांबी वाढवता आली, तसा प्रसंग सावकाश फुलवण्यास अवकाशही मिळाला.

या मालिकेतील दोन कथासूत्रे पाहू.

पहिले सूत्र बोर्टस या पात्राचे. तो ज्या परग्रहवासी जमातीचा आहे, तिच्यात केवळ पुरुषच असतात असा समज आहे. पहिल्या पर्वाच्या दुसऱ्या भागात बोर्टस अंडे घालतो आणि ते उबवण्यासाठी त्यावर बसून राहतो. धिप्पाड, करड्या आवाजाचा अधिकारी अंड्यावर बसलेला पाहून हसू न आले तरच नवल. परंतु त्या अंड्यातून मुलगी जन्मते. मुलगी असणे हे त्या समाजात व्यंग मानले जाते. न्यायाधिकरणाचा निर्णय तिच्या विरोधात जातो आणि शस्त्रक्रियेने तिला मुलगा केले जाते. तिसऱ्या पर्वात, टोपा नावाच्या या अपत्याला आपल्या जन्माचे सत्य कळते. ज्या अंड्यावर आपण हसलो, त्यातूनच हे दुःख बाहेर आलेले असते.

दुसरे सूत्र आयझॅक या यंत्रमानवाचे. त्याला मानवी भावना कळत नाहीत. थट्टा म्हणजे काय, हे समजून घेण्याच्या नादात तो झोपलेल्या सहकाऱ्याचा पायच कापतो. पायावर उपचार होतो, म्हणून आपण निर्धास्त हसतो. दुसऱ्या पर्वात उघड होते की, तो माणसांचा अभ्यास करण्यासाठी पाठवलेला हेर आहे आणि त्याच्या यंत्रजमातीने आपल्या निर्मात्यांचा संहार केला आहे. ते निर्माते यंत्रांना गुलामासारखे वागवत असत, हेही कळते. भावनाशून्यतेचा जो गुण विनोदाचा आधार होता, तोच आता भयाचा आधार होतो. पुढे सहकाऱ्यांचा तिरस्कार सोसणारा आयझॅक स्वतःला कायमचे बंद करून घेऊ पाहतो, तेव्हा तोच गुण करुणेचा विषय बनतो.

३. सूरपालटाची मीमांसा

भरतमुनींनी हास्याची कारणे सांगताना विकृत वेष आणि विकृत आचार यांचा उल्लेख केला आहे. म्हणजे जे रूढीहून वेगळे, ते हास्यास्पद. परग्रहवासी आणि यंत्रमानव ही पात्रे मुळातच वेगळी असल्याने विज्ञानकथेत हास्य सहज निर्माण होते. परंतु वेगळेपणाची किंमत त्या पात्राला मोजावी लागते, हे दिसू लागले की हास्याची जागा शोक घेतो. विनोदात कृतीचा परिणाम पुसला जातो. गंभीर नाट्यात तो उरतो.

मराठी वाचकाला ही रीत अपरिचित नाही. राम गणेश गडकरी यांच्या १९१९ मध्ये रंगभूमीवर आलेल्या ‘एकच प्याला’ या नाटकात तळीराम आणि त्याचे आर्य मदिरा मंडळ प्रेक्षकांना हसवते. तोच प्याला सुधाकर-सिंधूच्या संसाराचा घास घेतो. जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या विज्ञानकथेत सभांचे अध्यक्षस्थान भूषवणाऱ्या गंगाधरपंतांची मिस्कील थट्टा आहे. मराठे पानिपत जिंकले आहेत अशा पर्यायी जगात ते पोचतात. तेथील सभेतही न राहवून ते रिकाम्या खुर्चीकडे धाव घेतात आणि श्रोत्यांचा मारा सोसतात. हसता हसता वाचक एका गंभीर प्रश्नापाशी येतो : एका क्षणाने इतिहास बदलू शकतो काय?

४. समारोप

सूर बदलला म्हणजे कलाकृती श्रेष्ठ झाली, असे मात्र समजू नये. विनोद हा गांभीर्याचा कनिष्ठ भाऊ नव्हे. पुढील शोकाचे बीज आधीच्या हास्यात असेल, तरच बदल स्वाभाविक वाटतो; ते नसेल तर दोन वेगळ्या कलाकृती एकत्र शिवल्यासारख्या दिसतात. ‘द ऑर्व्हिल’मधील अंडे आणि यंत्र या दोन्ही सूत्रांत ते बीज आढळते. शिवाय असा बदल प्रेक्षकालाही एक प्रश्न विचारतो : तुम्ही कोणाला हसलात? दारापाशी उभ्या असलेल्या त्या शेतकऱ्याचे स्मरण ठेवून या प्रश्नाचे उत्तर शोधावे.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. एकाच प्रसंगातून हास्य आणि शोक कसे निर्माण होतात, ते सोदाहरण स्पष्ट करा.
२. तुम्ही पाहिलेल्या एखाद्या मराठी मालिकेतील वा नाटकातील सूरपालट सांगून तो स्वाभाविक वाटतो किंवा नाही, याची चर्चा करा.
३. तुमच्या गावात वा कामाच्या ठिकाणी ज्यावर सर्वजण हसतात असा एक प्रसंग निवडा. ज्याला हसले जाते त्याच्या दृष्टीने तो दहा ओळींत लिहा.