जुन्या मोटारीच्या नव्या स्प्रिंगा

खडकाळ वाटेने बैलगाडी चालली म्हणजे वाटेतला प्रत्येक दगड गाडीत बसलेल्या माणसाला जाणवतो. चाक उचलले की आस उचलतो आणि आसाबरोबर साटाही उचलला जातो. टांग्याची गोष्ट वेगळी. त्याच्या आसावर पोलादी पाट्यांची कमान बसविलेली असते. चाक दगडावर चढले की ही कमान दबते आणि धक्क्याचा बराचसा भाग स्वतःवर घेते. इंग्लंडमध्ये ओबाडाया एलियट याने घोडागाडीच्या अशा कमानींचे पेटंट १८०४ साली मिळविले. पुढे घोडागाडी मागे पडली व मोटार आली; परंतु कमान नाहीशी झाली नाही. कोठे पाट्यांच्या, तर कोठे वेटोळ्यांच्या स्प्रिंगेच्या रूपाने ती मोटारीखाली टिकून राहिली.

स्प्रिंगचे काम एका साध्या नियमाने चालते. रॉबर्ट हुक या इंग्रज शास्त्रज्ञाने तो १६७८ साली प्रसिद्ध केला. भार दुप्पट झाला तर स्प्रिंगचे दबणेही दुप्पट होते. शंभर किलो भाराने जी स्प्रिंग दोन सेंटिमीटर दबते, ती दोनशे किलो भाराने चार सेंटिमीटर दबेल. तितक्याच भाराने जी स्प्रिंग कमी दबते ती ताठ आणि जी अधिक दबते ती मऊ.

परंतु दबलेली स्प्रिंग पूर्वस्थितीवर येऊन शांत बसत नाही. झोक्याला एकदा धक्का दिला की तो पुष्कळ वेळ हेलकावे घेतो. स्प्रिंगवरील गाडीही तशीच वरखाली होत राहते. हे हेलकावे थांबविण्यासाठी प्रत्येक चाकापाशी आणखी एक साधन असते. त्यात तेल भरलेले असते. चाक हलले की आतील दट्ट्या हे तेल बारीक छिद्रांतून लोटतो. तेलाच्या विरोधामुळे गती मंदावते आणि तिची उष्णता होते; म्हणून खराब रस्त्यावरून आल्यावर हे साधन हाताला गरम लागते. त्यास धक्काशोषक, अथवा शॉक अ‍ॅब्सॉर्बर, म्हणण्याची रूढी आहे. खरे पाहता धक्का झेलते ती स्प्रिंग. धक्काशोषक त्यानंतरचे हेलकावे शमवितो. दोघांची जोडी जमली तरच गाडी नीट चालते.

ही जोडी जमविणे किती विचाराचे काम आहे, हे एमजीबी या इंग्रजी क्रीडामोटारीवरून चांगले कळते. दोन माणसांची ही लहानशी, ठेंगणी गाडी इंग्लंडमधील अ‍ॅबिंग्डन या गावी १९६२ पासून १९८० पर्यंत तयार होत असे. अशा पाच लाखांहून अधिक गाड्या तेथून बाहेर पडल्या. त्यांतील अनेक गाड्या शौकीन लोकांनी आजही जतन करून ठेवल्या आहेत. तिच्या पुढील चाकांना वेटोळ्यांच्या स्प्रिंगा आहेत. मागील आस मात्र घोडागाडीप्रमाणे पोलादी पाट्यांवर टेकलेला आहे. तिचे मूळ धक्काशोषक नळीसारखे नसून भुजा असलेल्या लहान पेटीसारखे आहेत. पुढच्या बाजूस तर धक्काशोषकाची भुजा हीच चाकाला वरून धरून ठेवणारी दांडी असते.

अनेक वर्षांच्या वापराने पाट्यांचा बाक कमी होतो, वेटोळी खचतात आणि धक्काशोषकातील तेल गळू लागते. मग नवे भाग घेण्याची वेळ येते. अशा वेळी पुष्कळांना वाटते की, क्रीडामोटार आहे, तेव्हा मिळतील त्यांतील सर्वांत ताठ स्प्रिंगा घ्याव्यात. ही समजूत चुकीची आहे. वळणे, वेग वाढविणे आणि थांबणे ही तिन्ही कामे टायर रस्त्याला टेकलेला असेल तरच होतात. स्प्रिंग फाजील ताठ असली तर खडबडीत रस्त्यावर चाक उंचवट्यामागून खाली उतरण्याऐवजी उडी घेते. त्या क्षणी ब्रेक दाबला तरी त्याचा उपयोग नाही. कारण हवेतले चाक गाडीला थांबवू शकत नाही. शर्यतीचा मार्ग गुळगुळीत असतो, म्हणून तेथे ताठ स्प्रिंग शोभते. गावच्या रस्त्यावर तीच धोक्याची ठरते.

म्हणून जाणता कारागीर खरेदीपूर्वी परीक्षा करतो. सपाट जमिनीवर गाडी उभी करून तो चाकाच्या मध्यापासून वरच्या पत्र्याच्या कडेपर्यंतचे अंतर चारही ठिकाणी मोजतो. एक बाजू खाली आली असेल तर स्प्रिंगचा संशय येतो. मग तो गाडीचा एकेक कोपरा जोराने दाबून सोडतो. कोपरा वर येऊन लगेच स्थिर झाला तर ठीक. तो पुन्हा पुन्हा वरखाली होऊ लागला तर धक्काशोषक निकामी झाला असे समजावे. सांध्यांतील रबरी तुकडे झिजले असले तरीही गाडी डगमगते. तेव्हा तेही पाहिल्यावाचून तो निर्णय करीत नाही.

नवी स्प्रिंग निवडताना गाडी कोणत्या साली व कोणत्या प्रकारची झाली हे पाहावे लागते. १९६५ साली निघालेली छपराची एमजीबी जीटी उघड्या गाडीपेक्षा जड होती. म्हणून तिच्या स्प्रिंगा अधिक ताठ होत्या. १९७४ साली अमेरिकेतील नियमांमुळे गाडीला मोठे काळे बंपर लावण्यात आले आणि तिची उंचीही वाढविण्यात आली. अर्थात एका काळातील स्प्रिंग दुसऱ्या काळातील गाडीला जशीच्या तशी चालत नाही. तारेची जाडीही नजरेने ठरविण्याची गोष्ट नव्हे. तार जाडीला केवळ दहा टक्क्यांनी वाढली, तर स्प्रिंगचा ताठपणा सुमारे शेहेचाळीस टक्क्यांनी वाढतो. गाडी ठेंगणी दिसावी म्हणून कोणी वेटोळे कापून टाकतात. असे केल्याने स्प्रिंग आखूड होते, तशीच ताठही होते. शिवाय चाकाला हलावयास जागा कमी उरते.

धक्काशोषकाची निवड स्प्रिंगनंतर करावी. स्प्रिंग ताठ घेतली आणि धक्काशोषक जुनाच दुबळा ठेवला, तर हेलकावे आवरत नाहीत. उलट मऊ स्प्रिंगला फार कडक धक्काशोषक जोडला, तर दबलेली स्प्रिंग पुन्हा वेळेवर उलगडत नाही. मूळ पेटीसारखे धक्काशोषक दुरुस्त करून पुन्हा वापरता येतात. रस्त्यावर फिरणाऱ्या गाडीला ते पुरेसे असतात आणि गाडीचे मूळ रूपही त्यामुळे टिकते. त्यांच्या जागी नळीसारखे नवे धक्काशोषकही बसविता येतात. पण त्यांसाठी वेगळे आधार जोडावे लागतात, आणि पुढच्या बाजूस चाकाला धरणाऱ्या भुजेची सोय आधी करावी लागते.

स्प्रिंगा व धक्काशोषक नेहमी जोडीने बदलावेत, म्हणजे डाव्याबरोबर उजवाही. एकच बदलला तर गाडी एका अंगास कलते. हे काम मात्र अनुभवी कारागिराचेच होय. दबलेल्या वेटोळ्यात मोठी शक्ती कोंडलेली असते. योग्य साधनाने आवळून न धरता ती मोकळी केली, तर माणसाला गंभीर इजा होऊ शकते.

काम पूर्ण झाल्यावर अशी गाडी पाहणाऱ्यास पूर्वीसारखीच दिसते. केलेला बदल चाकांच्या आड झाकलेला असतो. परंतु तीच गाडी खड्ड्यावरून गेली की एकदा दबते, एकदा वर येते आणि स्थिर होते. चारही चाके जमिनीला टेकलेली राहतात. निवड योग्य झाली याची खूण ती हीच.