कासोटा आधी, चित्र मागून

दिवाळीच्या सुट्टीतली दुपार होती. मी ओट्यापाशी शंकरपाळे लाटत होते आणि लेक ओसरीवर पालथी पडून चित्र काढत होती. ती यंदा नववीत. तिला त्या जपानी कार्टूनमधल्या तलवारवाल्या मुलींचं भारी वेड. आवडत्या पात्राला आपल्या मनासारखा वेश देऊन, आपल्या मनासारख्या प्रसंगात उभं करायचं, याला ही मुलं ‘फॅन आर्ट’ म्हणतात. पूर्वी आपण नाही का वहीच्या शेवटच्या पानावर नट्यांचे चेहरे गिरवायचो, त्यातलाच प्रकार. फक्त आता त्यात पुष्कळ डोकं घालावं लागतं.

त्या दिवशी तिच्या तलवारवालीने कंबोडियाचा वेश केला होता. खाली चमकत्या रेशमाचं वस्त्र, कमरेला सोन्याचा पट्टा, खांद्यावरून तिरपा शेला, डोक्यावर उंच टोकदार मुकुट. चित्र खरंच देखणं झालं होतं. तेवढ्यात आमच्या आजेसासूबाई काठी टेकत तिथे आल्या. पंचाऐंशी वर्षांचं वय, पण आजही लुगडं नेसतात, आणि तेही इरकलच. चष्मा नाकावर ओढून त्यांनी चित्र न्याहाळलं आणि म्हणाल्या, “काय काढायलीस गं? पोरीला तुमान घातलीस का काय?”

“आजी, तो कंबोडियाचा ड्रेस आहे. पँटसारखाच असतो.”

“पँट कशाची? कासोटा हाय की ह्यो. पर मागं कुठं खोचलाय त्येच दिसंना. खोचल्याबिगर ऱ्हाईल व्हय?”

लेकीने मान वर केली. मीही लाटणं ठेवून बाहेर आले. आजींनी कंबोडिया हे नाव आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं असेल, पण त्यांचं म्हणणं सोळा आणे खरं होतं.

या वस्त्राला तिकडे ‘संपोत’ म्हणतात. नेसण्याच्या तऱ्हा अनेक आहेत. नुसतं लुंगीसारखं गुंडाळलं की एक प्रकार, पुढे निऱ्या घातल्या की दुसरा. लेकीने काढला होता तो ‘संपोत चाँग क्बेन’. साधारण तीन मीटर लांब आणि एक मीटर रुंद असं बिनशिवलेलं कापड घ्यायचं, मागून कमरेभोवती आणून दोन्ही टोकं पुढे एकत्र धरायची, गाठ मारून त्या टोकांचा एकत्र पीळ करायचा, तो पायांमधून मागे न्यायचा आणि पाठीशी कमरेत खोचायचा. वरून धातूचा पट्टा. मग ते गुडघ्याखालपर्यंत फुगीर दिसतं, आणि समोरून पाहणाऱ्याला वाटतं विजार आहे. अंगावरचा तिरपा शेला वेगळा, त्याला ‘स्बाय’ म्हणतात. म्हणजे आपल्या लुगड्यात जे एकाच नऊवारी कापडात होतं, कासोटाही आणि पदरही, ते तिथे दोन वस्त्रांत वाटलेलं असतं. एवढाच काय तो फरक.

वाचून समजलं, पण डोळ्यांपुढे येईना. शेवटी आजीच म्हणाल्या, “धोतर आन.” आजेसासऱ्यांचं एक धोतर त्यांनी ट्रंकेत जपून ठेवलेलं आहे. त्याची जास्तीची लांबी घडी घालून तीन मीटरवर आणली आणि लेकीच्या सलवारीवरूनच आजींनी तिला ते नेसवलं. मी मोबाइलवर वाचून सांगत होते आणि आजी “हां, हां, कळलं” म्हणत माझ्या पुढेच धावत होत्या. पीळ घालताना फक्त थबकल्या. आपल्याकडे निऱ्यांचा काठ उचलून मागे नेतात, पीळ घालत नाहीत. “ह्ये जरा येगळं हाय बघ,” म्हणाल्या आणि तेही जमवलं. मग लेकीला हुकूम सुटला, बस, ऊठ, पळ, पाय टाक. लेक अंगणभर धावून आली आणि धापा टाकत म्हणाली, “आई, सगळ्या चुण्या मागून निघतात! मी त्या पोटापासून खाली काढल्या होत्या.”

तिने ते चित्र बाजूला ठेवलं आणि नवीन कागद घेतला. दुसऱ्या चित्रातल्या मुलीने पाऊल पुढे टाकलंय आणि कापड तिच्या मांडीवर मागच्या बाजूने ताणलंय. पहिल्या चित्रात मुलगी नुसती सजून उभी होती. या चित्रात ती खरंच तलवार चालवू शकेल असं वाटतं.

वेशावरून पात्र उभं करण्याचं हे काम काही नवीन नाही, आणि त्यात आपल्या मराठी बाईने जगात नाव काढलेलं आहे. भानू अथैया मूळच्या कोल्हापूरच्या राजोपाध्ये. वडील चित्रकार, ते भानूताईंच्या लहानपणीच गेले. त्या मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकल्या आणि सुरुवातीला बायकांच्या साप्ताहिकासाठी कपड्यांची चित्रं काढायच्या, हो, आपल्या या अशाच पानांसाठी! १९५६ च्या ‘सी.आय.डी.’पासून त्या चित्रपटांचे कपडे करू लागल्या. १९६६ साली ‘आम्रपाली’ आला, तेव्हा त्यांनी वैजयंतीमालाचे वेश आपल्या मराठवाड्यातल्या अजिंठ्याच्या भित्तिचित्रांवरून बेतले. ‘गांधी’ चित्रपटाच्या वेशभूषेसाठी १९८३ मध्ये जॉन मोलो यांच्यासोबत त्यांना ऑस्कर मिळालं. ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. त्यांनी ती बाहुली पुढे २०१२ मध्ये नीट जपली जावी म्हणून अकादमीकडेच परत पाठवली. २०२० मध्ये त्या गेल्या. लेकीला हे सांगितल्यावर तिचा पहिला प्रश्न, “म्हणजे कपडे काढायचं पण काम असतं?” असतं तर! घरात “चित्रं काढून पोट भरतं का?” हा प्रश्न दर आठवड्याला ऐकणाऱ्या मुलीला ही माहिती फार मोलाची होती. हे त्या वेळी वर्तमानपत्रात डोकं घालून बसले होते, पण ऐकत होते हे मला कळलं.

त्यांच्याही आधीचे कोल्हापूरचेच चित्रकार म. वि. धुरंधर. १९२० मध्ये ऑटो रोथफील्ड नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याचं हिंदुस्थानातल्या स्त्रियांवरचं पुस्तक निघालं, त्यातली चित्रं धुरंधरांची. कोणत्या जातीजमातीची बाई वस्त्र कसं नेसते, पदर कोणत्या खांद्यावर घेते, हे त्यांनी पाहून पाहून रंगवलेलं आहे. त्यांच्या नऊवारीतल्या बायका पाहिल्या की कासोटा कुठे खोचलाय हे विचारावं लागत नाही.

आणि ज्यांच्या वेशावरून आमच्या घरात हा सगळा खटाटोप झाला, त्या कंबोडियाच्या लोकांनीही हेच केलेलं आहे. अंकोरवाट हे प्रचंड मंदिर दुसऱ्या सूर्यवर्मन राजाने बाराव्या शतकात बांधलं, मुळात विष्णूसाठी. त्याच्या भिंतींवर देवांगनांच्या सतराशेहून जास्त मूर्ती आहेत, आणि प्रत्येकीचा केशसंभार, मुकुट, वस्त्र यांत काहीतरी वेगळेपण आहे. गेल्या शतकाच्या मध्याला राणी कोसमाक यांच्या देखरेखीखाली या शिल्पांवरून ‘अप्सरा’ हे नृत्य बसवलं गेलं आणि त्यांची नात, राजकन्या बुप्फा देवी, त्यातली प्रमुख नर्तकी झाली. दगडातल्या बाईला कापड नेसवून रंगमंचावर आणलं, म्हणा ना. दरबारी नृत्यात स्त्री, पुरुष, राक्षस आणि वानर अशी चार तऱ्हेची पात्रं असतात, आणि वेशावरूनच कोण कोण ते ओळखू येतं. स्त्रीपात्राच्या वस्त्राला पुढे निऱ्या, पुरुषपात्राला कासोटा. परंपरेने पुरुषपात्रंही बायकाच करत आल्या. अंगाला वस्त्र असं घट्ट बसावं लागतं, की प्रयोगाआधी ते नर्तकीच्या अंगावरच सुईदोऱ्याने शिवतात.

त्यांच्या रोजच्या जुन्या रीतीही आपल्याला परक्या वाटणार नाहीत. वाराप्रमाणे वस्त्राचा रंग ठरलेला, रविवारी लाल असा. आपल्याकडे अलीकडे नवरात्रात वर्तमानपत्रातले नऊ रंग बघून साड्या नेसतात, ते आठवून मला हसू आलं. ‘होल’ नावाचं त्यांचं उंची रेशीम विणण्याआधीच धागे बांधून बांधून रंगवतात. पाटणच्या पटोल्याला किंवा पोचमपल्लीला करतात तसंच. १२९६-९७ मध्ये झोऊ दागुआन नावाचा चिनी माणूस तिथे जवळजवळ वर्षभर राहिला. त्याने लिहून ठेवलंय की तिथे सगळ्यांत उत्तम समजलं जाणारं कापड पश्चिम समुद्राकडून येतं. अभ्यासक त्याचा अर्थ आपल्याकडचं कापड असा घेतात. कापड गेलं तसा कासोटाही इथूनच गेला असेल का? माणूस जिथे जिथे बिनशिवलं वस्त्र नेसून शेतात वाकला, घोड्यावर बसला, तिथे त्याला पायांमधून काठ मागे घ्यावासा वाटला असेल, एवढं मला बाई म्हणून पटतं.

आता जे सांगायचंय ते वाचताना माझा जीव खाली-वर झाला होता. एप्रिल १९७५ मध्ये तिथे ख्मेर रूज नावाच्या गटाची सत्ता आली आणि जानेवारी १९७९ पर्यंत टिकली. शहरं रिकामी केली, सगळ्यांना काळे कपडे घालायला लावून शेतावर जुंपलं. सुमारे सतरा लाख माणसं उपासमारीने, आजाराने आणि हत्येने मेली. दरबारी नृत्य शिकवणाऱ्या आणि नाचणाऱ्या बहुतेकजणी त्यात गेल्या. हातांच्या मुद्रा कशा, वस्त्र कसं चढवायचं, हे सगळं गुरूकडून शिष्येला, अंगावरून अंगावर आलेलं. ज्या थोड्या वाचल्या त्यांनी एकमेकींना शोधून, आठवून आठवून ते पुन्हा उभं केलं. २००३ मध्ये युनेस्कोने त्या नृत्याला मानवतेच्या अमूर्त वारशाचा मान दिला.

म्हणून मला वाटतं, मुलांनी खुशाल कुणाच्याही देशाचा वेश आपल्या पात्राला द्यावा. पण आधी तो कुणाचा, कसा नेसतात आणि केव्हा घालतात एवढं तरी विचारावं. लेकीने तलवारवालीला दिलेला तो टोकदार मुकुट नृत्यातला होता. तिथल्या नर्तकी आपल्या गुरूंना आणि कलेच्या देवतांना वंदन करून मग तो धारण करतात. आपण घुंगरांना पाया पडतो तसं. हे कळल्यावर लेकीने तो मुकुट आपणहून काढला आणि डोक्याला ‘क्रामा’ बांधला. तो तिथल्या शेतकऱ्यांचा चौकड्यांचा पंचा असतो. लढणारीला तोच जास्त शोभतो, हे तिचं म्हणणं मला पटलं.

या सगळ्यात माझी मात्र पंचाईत झाली. लेक म्हणाली, “आई, आता तू नऊवारी नेस, मला तीही काढायचीय.” माझ्याकडे नऊवारी आहे, पण शिवलेली. नाडी ओढली की झालं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला पाच मिनिटांत तयार होते मी! बी.ए. झाले, मुलांना इतिहास शिकवते, आणि रोज डोळ्यांसमोर आजी लुगडं नेसत असताना पंधरा वर्षांत मला ते शिकावंसं वाटलं नाही. आजी नसत्या तर या घरात कासोटा फक्त लेकीच्या चित्रात उरला असता, आणि तोही चुकीचा.

मग पाडव्याला मुहूर्त केला. तुमच्याही घरी कुणी अशा आजी, मावशी असतील तर सांगते. मोबाइल हातात न धरता फळीवर टेकवून ठेवावा. आम्ही एकदा समोरून आणि एकदा पाठीमागून असं दोनदा टिपलं, कारण सगळी मेख पाठीमागे असते. नेसणारीला बोलायला लावायचं, म्हणजे ओचा, केळं, निऱ्या, कासोटा हे शब्दही तिच्याच तोंडून जमा होतात. लुगड्याची लांबी मोजून लिहून ठेवावी. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर होतं. आणि लगेच स्वतः नेसून पाहावं, नुसतं पाहून काही येत नाही. माझा पहिला कासोटा अंगणाच्या दारापर्यंतच टिकला. दुसऱ्या दिवशी तुळशीपर्यंत गेले.

लेकीच्या चित्रांचं म्हणाल तर, आठवीत तिने एलिमेंटरीची परीक्षा दिलीच होती, आता इंटरमिजिएटला बसायचं ठरलंय. दहावीला त्याचे वाढीव गुण मिळतात, हा मुद्दा यांच्या गळी उतरला. गुणांसाठी का होईना, रंगांचा खर्च मंजूर झाला.

भाऊबीजेच्या सकाळी ती नवीन पात्र काढत बसली. यावेळी कंबोडिया नाही, जपानही नाही. आपल्या बीडमधून टोळ्या ऊसतोडीला निघाल्या होत्या, त्यातली एक बाई. साडीवर मालकाचा जुना फुल शर्ट, डोक्याला रुमाल, हातात कोयता. आजींनी चष्मा पुसून पाहिलं.

“ही वाकली की कापूड कसं दिसतं, म्हाईत हाय का तुला?”

“नाही.”

“बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडलीय मी. थांब.”

आणि काठी माझ्या हातात देऊन, एक हात भिंतीला लावून, त्या हळूहळू वाकल्या. मी मागून धरलं होतं. लेक म्हणाली, “आजी, एकच मिनिट तशाच राहा,” आणि भराभर पेन्सिल चालवू लागली.